सोऱ्याखालचं पीठ: जुन्या लाकडी वस्तूंतून दरवर्षी भुसा पडतो तेव्हा काय तपासायचं

गणपती उठले की आमच्याकडे दोन कामं ठरलेली. मखर माळ्यावर टाकायचं आणि सोऱ्याखालचं पीठ पुसायचं.

सोऱ्या आत्याचा. गुहागरकडच्या घरातून आला तेव्हा सोबत पाच पितळी चकत्या होत्या. आता चार आहेत, बारीक शेवेची हरवली. पार्ल्याच्या घरात तो हॉलमधल्या फळीवर उभा असतो. शेजारी दोन रव्या, तिखटामिठाचा लाकडी पाळा, एक ओगराळं, आणि खाली भिंतीला टेकून बाभळीची काथवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात. सतरा-अठरा वर्षं मी हे जमवते आहे. थोडं चोर बाजारातून, थोडं जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून. बरंचसं मात्र नातेवाइकांच्या माळ्यांवरून, ‘घेऊन जा बाई, नाहीतर बंबात जाईल’ असं म्हणत दिलेलं.

सलग चार वर्षं अनंत चतुर्दशीच्या आगेमागे सोऱ्याच्या बुडाशी चिमूटभर पिवळट पीठ दिसायचं. पुसलं की आठवड्याभरात पुन्हा. दिवाळीनंतर कमी होत होत थांबायचं, आणि थांबलं की मी विसरून जायचे.

पहिल्या वर्षी ब्रशने टर्पेंटाइन लावलं. काही फरक नाही. दुसऱ्या वर्षी डांबरगोळ्या घालून सोऱ्या पिशवीत बांधला आणि माळ्यावर ठेवला. पिशवीत पीठ पडलं नाही, म्हणून मी खूश. पण तो वास लाकडात असा बसला की त्या दिवाळीला चकल्या शेजारणीच्या स्टीलच्या सोऱ्याने पाडाव्या लागल्या, आणि आजही मे महिन्यात नाकाशी धरला तर वास येतो. तिसऱ्या वर्षी पेस्ट कंट्रोलचा माणूस बोलावला. त्याने सिरिंजने भोकाभोकात औषध सोडलं आणि ‘आता पाच वर्षं बघायला नको’ म्हणून गेला. चौथ्या वर्षी पीठ हजर.

मग मी औषधं शोधणं सोडलं आणि पीठ बघायला बसले. खरं तर सुरुवात तिथूनच करायची असते.

मैदा, रवा की खसखस

काळ्या कागदावर चिमूटभर भुसा घ्या, दोन बोटांत चोळा, मग मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघा. स्वयंपाकघरात वावरलेल्या माणसाला हे ओळखायला शिकवावं लागत नाही.

मैद्यासारखं किंवा टाल्कम पावडरसारखं मऊ, बोटाला खरखर अजिबात नाही, आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी, एक ते दोन मिलिमीटरची गोल भोकं: हा पावडर पोस्ट बीटल, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘भुंगा लागला’ म्हणतो त्यातला सगळ्यात नेहमीचा. बारीक रव्यासारखं खरखरीत लागलं तर भुंग्यांचंच दुसरं कुळ. उपाय बहुतेक तोच. पण खसखशीसारखे सुटे दाणे असतील आणि झूम केल्यावर त्यांना सहा बाजू दिसत असतील, तर तो भुंगाच नाही. ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिला मातीशी, ओलीशी देणंघेणं नसतं, भिंतीवर मातीच्या नळ्या करत ती येत नाही, म्हणून कोणाला संशयही येत नाही. हे दाणे दिसले तर प्रश्न एका रवीचा राहत नाही. जवळची दाराची चौकट, फळी, कपाटाची पाठ सगळं ठोकून बघा आणि जाणकार माणूस घरी बोलवा. ते घरच्या घरी करायचं काम नाही.

माझ्याकडे मैदा होता. आता इथे मी चार वर्षं जी चूक केली ती सांगते. सोऱ्याला भोकं होती, सोऱ्याखाली पीठ होतं, म्हणून किडा सोऱ्यातच आहे असं मी धरून चालले. पण भोक म्हणजे किडा बाहेर पडल्याची खूण. आतल्या अळीने लाकूड खाल्लं, मोठी झाली, भुंगा होऊन भोक पाडून उडून गेली, त्यानंतर ते भोक दिसतं. आत्याच्या सोऱ्यातला किडा कदाचित माझ्या जन्माच्या आधीच गेला असेल. बोगद्यांतलं पीठ मात्र तसंच राहतं आणि धक्का बसला की वर्षानुवर्षं थोडं थोडं गळत राहतं. शेजारी इमारतीचा पुनर्विकास चालू असेल आणि दिवसभर ब्रेकर चालत असेल, तर मेलेल्या लाकडातूनही पीठ पडतं. त्यामुळे पीठ पडलं म्हणजे किडा जिवंत, असं नाही.

ताजं काय आणि जुनं काय, हे रंगावरून बरंचसं कळतं. नव्या भोकाची कड धारदार, आत ताज्या कापलेल्या लाकडाचा उजळ रंग. जुन्या भोकात धूळ, तेलकटपणा, धुराचा काळपटपणा. माझ्या सोऱ्याची सगळी भोकं आतून काळी होती. पडलेलं पीठ मात्र उजळ पिवळं. हे जुळत नव्हतं.

काळा कागद

स्टेशनरीच्या दुकानातून काळा क्राफ्ट पेपर आणला. फळीवरच्या प्रत्येक वस्तूखाली एकेक तुकडा, कोपऱ्यात पांढऱ्या पेन्सिलीने तारीख. सगळ्या भोकांवर मेणबत्तीचं मेण बोटाने दाबून बसवलं, म्हणजे नवं भोक पडलं तर लगेच कळावं. मेण मऊ असतं, नंतर टूथपिकने निघून येतं. सुताराची लांबी (वुड पुटी) भरू नका, तिच्याने पुढची तपासणीच बंद होते.

आणि कंटाळा आला होता म्हणून म्हणा, उरलेला एक तुकडा मी सोऱ्याच्या दट्ट्यावर, वर, टोपीसारखा ठेवला.

सहा दिवसांनी टोपी पिवळी झाली होती. खालच्या कागदावर मधोमध काही नाही, सोऱ्याभोवती गोल रांगोळी घातल्यासारखं पीठ. रव्यांचे कागद स्वच्छ. मेण जागच्या जागी.

वर बघितलं. वर खिळ्याला सूप टांगलेलं.

आमच्याकडे गौरीला ओवसा असतो, म्हणजे सुपातून वाण द्यायची रीत. सुपं दादरच्या बाजारातून येतात, सण झाला की वाटली जातात, एखादं उरतं. ते उरलेलं सूप, नवं आहे, छान दिसतं, म्हणून मी दरवर्षी त्या खिळ्याला अडकवत होते आणि जुनं कामाला काढत होते. दरवर्षी नवं सूप, दरवर्षी नवा किडा. डांबरगोळ्यांच्या वर्षी सोऱ्या माळ्यावर होता म्हणून त्याच्या पिशवीत पीठ नव्हतं. फळीवर तेव्हाही पडत असणार, पण फळी रोज पुसली जाते, तिकडे कोण बघतंय! सूप हातात घेऊन काठावर टिचकी मारली तर कागदावर सरळ रेघ उमटली.

बांबूत पिष्ट (स्टार्च) भरपूर असतं आणि हे भुंगे जगतात ते त्या पिष्टावरच. बांबूचा स्वतःचा एक भुंगा आहे, डायनोडेरस, काळपट-तपकिरी, जिऱ्यापेक्षाही लहान. आपल्या उबदार हवेत त्याच्या वर्षात अनेक पिढ्या होतात. बुरूड लोक बांबू बरेच दिवस पाण्यात बुडवून ठेवतात तो याचसाठी, पिष्ट निघून जावं म्हणून. रोवळ्या-टोपल्यांना मेथी आणि कागदाच्या लगद्याचा लेप देतात, तोही नुसता पीठ गळू नये म्हणून नाही. सणाच्या गर्दीसाठी घाईघाईत विणलेल्या सुपाला यातलं काही मिळालेलं असेलच असं नाही.

पिष्ट आहे की नाही हे घरीही बघता येतं. जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन, एक थेंब, बांबूच्या कापलेल्या टोकावर. निळं-काळं झालं की समजायचं. लाकडाच्या आडव्या कापावरही हे चालतं. फक्त पोळपाटावर, लाटण्यावर किंवा काथवटीच्या आतल्या बाजूला करू नका. पिढ्यान् पिढ्यांचं पीठ त्यात मुरलेलं असतं, ते काळं होणारच, आणि डागही राहील.

पण काथवटीत मात्र होता

सूप काढल्यावर फळीवरचं पीठ थांबलं. जिंकल्यासारखं वाटलं तोच काथवटीखालच्या कागदावर, बुडाच्या एका कडेच्या बरोबर खाली, बोटभर लांब पट्टी दिसली. तिथलं मेण फोडून दोन नवी भोकं पडली होती.

आमच्या गल्लीत एक सुतारकाका येतात, खिडक्या-दारांची कामं करतात. त्यांना काथवट दाखवली. त्यांनी ती उलटी केली, अंगठ्याने बूड चाचपलं आणि म्हणाले, ‘ताई, हा पांढऱ्यात आहे, गाभ्यात नाही जाणार.’ आणि खरंच, अख्ख्या बुडाला गडद तपकिरी बाभूळ आणि एका कडेला दोन बोटं रुंदीचा फिकट पट्टा. खोडाच्या बाहेरच्या बाजूचं लाकूड. झाड आपलं अन्न तिथे साठवतं, गाभ्यात नाही. हा भुंगा अंडी घालण्याआधी लाकूड चावून बघतो, पिष्ट पुरेसं नसेल तर तिथे अंडी घालत नाही.

म्हणून जुनी वस्तू घेताना लाकडाच्या नावापेक्षा त्यात पांढरा भाग किती आहे ते बघावं. साग, शिसम, फणस यांचा गाभा किडीला चांगला तोंड देतो, पण सागाचाही पांढरा भाग टिकत नाही. आंब्याचं लाकूड तर सगळंच भुंग्याचं आवडतं. आणि आता चोर बाजारातसुद्धा ‘दोनशे वर्षांपूर्वीचं’ म्हणून जे काळं पॉलिश केलेलं मिळतं, त्यातलं बरंच आंब्याचं असतं. उलटं करून, पॉलिश न पोचलेल्या बुडाशी नखाने थोडं खरवडून बघा. खाली पांढरंफटक लाकूड आणि टाचणीची भोकं दिसली तर निमूट खाली ठेवा. विक्रेता सांगेल की भोकं म्हणजे जुनेपणाची खूण. असतीलही. तुमच्या फळीवर परीक्षा कशाला.

मारायचा कसा

खाण्याशी संबंध येणाऱ्या वस्तूला कीटकनाशक नको, हे मी आता ठाम म्हणते. सिरिंजने सोडलेलं औषध लाकडात मुरतं आणि गरम पिठाच्या गोळ्यात ते किती उतरेल हे तुम्हाआम्हाला मोजता येत नाही. तो सोऱ्या मी आता फक्त फळीवर ठेवते, चकल्या त्यात होत नाहीत. हेच त्या प्रकरणातलं खरं नुकसान. किडा त्यात नव्हताच.

लहान वस्तूंसाठी थंडी. संग्रहालयांत ही नेहमीची पद्धत आहे. घरच्या फ्रीझरचं तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं, तेवढं पुरतं, फक्त दोन आठवडे सलग हवेत. रवी, लाटणं, ओगराळं, मोदकाचा लाकडी साचा असं काहीही सुती कापडात गुंडाळा, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, चिकटपट्टीने तोंड बंद करा, तारीख घाला. काढल्यावर लगेच उघडायची नाही. पूर्ण एक दिवस पिशवी तशीच बाहेर राहू द्या. नाहीतर मुंबईच्या हवेतलं सगळं बाष्प त्या गार लाकडावर जमतं आणि भुंगा जाऊन बुरशी येते. फ्रीझर दिवसातून वीस वेळा उघडला जात असेल तर भरवसा नाही. माझी एक मैत्रीण घरून उकडीचे मोदक पुरवते, तिच्याकडे वेगळा डीप फ्रीझर आहे. तिथे मटारच्या पाकिटांखाली माझी रवी पंधरा दिवस पडून होती. लाखेचं रंगकाम, हस्तिदंताचं जडावकाम किंवा घट्ट बसवलेला धातू असेल तर हा प्रयोग नको. लाकूड आणि त्यावरचं काम वेगवेगळं आक्रसतं.

काथवट कुठल्या फ्रीझरात मावणार? तिला उष्णता दिली. निर्यातीच्या लाकडी खोक्यांसाठी जो आंतरराष्ट्रीय नियम आहे तो सांगतो की लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं. बंदरातून आलेल्या पॅलेटवर ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट) असा डाग दिलेला दिसतो तो याचाच. उन्हात नुसतं ठेवून हे होत नाही. वरचा पापुद्रा तापतो, आतली अळी सुखात राहते आणि लाकूड तडकतं. काथवट जुन्या चादरीत गुंडाळून काळ्या जाड पिशवीत घातली, तोंड पक्कं बंद केलं. पिशवी बंद असली की लाकडातली ओल बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून तडकण्याचा धोका कमी होतो. मग मे महिन्यात गच्चीवर, खाली थर्माकोलचा तुकडा, बारा ते चार. स्वयंपाकाचा सळईचा थर्मामीटर चादरीच्या आत, काथवटीच्या बुडाला टेकवून, त्याची तार पिशवीच्या तोंडातून बाहेर. पहिल्या दिवशी ५१ वर थांबलं. वारा होता. दुसऱ्या दिवशी ५८ पर्यंत गेलं आणि दीड तास तिथे राहिलं. बाहेरचा आकडा म्हणजे गाभ्याचा नव्हे, म्हणून आणखी दोन दुपारी दिल्या. एक जुनी चीर होती ती केसभर रुंदावली, हे लपवत नाही. ज्या वस्तूला आधीच मोठ्या भेगा आहेत किंवा जिला डिंकाने जोड दिले आहेत, तिच्यावर मी हे करणार नाही.

कोरलेली, रंगवलेली, खरोखरच मोलाची वस्तू असेल तर यातलं काहीही घरी करू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलावस्तू संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी विचारा.

रॉकेल, टर्पेंटाइन, कापूर, कडुनिंबाचं तेल: यातलं काहीही आतल्या अळीपर्यंत पोचत नाही. कडुनिंबाने नवा भुंगा कदाचित दूर राहील, पण मग पोळीलाही कडू वास. उकळत्या पाण्यात घालणं सुपाला चालतं, काथवटीला नाही.

बुरशी ही वेगळी गोष्ट

बऱ्याच जणी मला फोटो पाठवतात आणि विचारतात, किडा लागलाय का. फोटोत असते बुरशी. ती पृष्ठभागावर असते, पुसली की जाते आणि आठ दिवसांनी परत येते. तिच्याखाली भोकं नसतात. भुंग्याचं पीठ वस्तूच्या खाली पडतं, बुरशी वस्तूवर वाढते, इतका साधा फरक आहे.

जुलैत सांताक्रूझला सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घरातली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या खाली येत नाही. सत्तरच्या पुढे बुरशीला दार उघडंच. त्यामुळे मुंबईत ‘एकदाच काय ते लावून टाकू’ असा उपाय नाही. एक स्वस्तातला आर्द्रतामापक घ्या आणि फळीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत दोन-दोन दिवस ठेवा. मला वाटायचं काचेच्या कपाटात वस्तू सुरक्षित असतात. मोजल्यावर कळलं की ते कपाट ज्या भिंतीला लागून आहे तिच्यामागे न्हाणीघर आहे आणि आतला आकडा बाहेरच्यापेक्षा पाचने जास्त. कपाट चार बोटं पुढे ओढलं, पाठीमागचा प्लाय काढून जाळी लावली. त्या वर्षी पाळ्यावर बुरशी आली नाही.

आलेली बुरशी काढताना तोंडावर मास्क, खिडकीत उभं राहून कोरड्या ब्रशने, मग व्हिनेगरमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने, मग पंख्याखाली दोन दिवस. ब्लीच नको, त्याने लाकडाचे धागे फुलतात आणि पुढच्या पावसात तिथेच आधी बुरशी धरते. विळीच्या पाटावर किंवा काथवटीवर लोखंडी खिळ्याभोवती निळसर काळं वर्तुळ असेल तर ते बुरशीचं नाही. बाभळीतल्या कषाय द्रव्याची (टॅनिनची) लोखंडाशी झालेली क्रिया आहे. घासून जात नाही. राहू द्या.

जुन्या घरात या वस्तू एवढ्या टिकल्या कशा, असं लोक विचारतात. चुलीजवळ होत्या म्हणून. रोज वापर, रोज धुणं, रोज त्या ऊबेत वाळणं, आणि वरून धूर. आपण त्यांना गॅसच्या घरात आणलं, बंद माळ्यावर किंवा काचेआड ठेवलं.

तेलाबद्दल, थोडक्यात

भोकं आणि लाकडाची सूक्ष्म छिद्रं बंद असली की भुंग्याला अंडी घालायला जागा मिळत नाही, म्हणून तेल-मेणाचा हात उपयोगी आहे. कुठलं तेल, यावरून घराघरांत वाद. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल ही नीट वाळत नाहीत, काही महिन्यांत चिकट होतात आणि त्यावर धूळ बसून काळा थर चढतो. जुन्या पोळपाटाच्या कडेला नखाने निघतो तो थर तोच. खोबरेल तेवढं लवकर खवट होत नाही, पण तेही वाळत नाही. मी जवसाचं कच्चं तेल लावते, अगदी पातळ, पुसून घेतलेलं, दोन हातांच्या मध्ये आठवडाभर जाऊ देऊन, आणि वर थोडं मधमाश्यांचं मेण. पावसाळ्यात नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ जवस तेल घेऊ नका, ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूचे क्षार घातलेले असतात.

आणि एक, हे विनोदाने घेऊ नका: जवस तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ते वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवून टाका किंवा दोरीवर पसरून वाळवा.

आता काय करते

घरात येणारी प्रत्येक जुनी लाकडी वस्तू, नात्यातली असो की बाजारातली, आधी महिनाभर गॅलरीत बंद पारदर्शक डब्यात, खाली काळा कागद. कागद स्वच्छ राहिला तर आत. नाहीतर मैत्रिणीचा फ्रीझर. गौरीचं उरलेलं सूप आता खिळ्यावर जात नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दोन दुपारी काळ्या पिशवीत, मग स्वयंपाकघरात निवडायला-पाखडायला.

काथवटीखालचा कागद दोन पावसाळे स्वच्छ आहे. तिच्यात मी पुन्हा भाकरीचं पीठ मळते. नवीन आलेलं एक मुसळ मात्र संशयित आहे. ते खालापूरकडच्या एका मामींनी दिलं. टोकाच्या लोखंडी कड्याच्या वर, बोटभर अंतरावर, तीन भोकं, कडा उजळ. फ्रीझरात मावत नाही आणि मे महिना गेला. सध्या ते गॅलरीत उभं आहे, खाली कागद, वर टोपी.